व्हर्जिलची अँटेना

लवॉन टोलेफसनच्या फ्रीजच्या डोक्यावर आर्डिस क्वामचा काचेचा ट्रे पडून होता. व्हर्जिलच्या अंत्यविधीला आर्डिस त्यातून ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन आली होती. हॉटडिश संपला, ट्रे घासून-पुसून लख्ख झाला, बाहेर बर्फाचे ढीग खिडकीला टेकले, तरी ट्रे तिथेच. तळाला चिकटपट्टीवर आर्डिसच्या ठसठशीत अक्षरात तिचं नाव. त्या गावात कुणाचं भांडं इतके दिवस ठेवून घेणं म्हणजे उघड भांडण, आणि परत करायचं तर रिकामं करायचं नाही, वर काहीतरी गोडधोड घालूनच. लवॉनला आर्डिससाठी गोड काही सुचत नव्हतं.

दोघींची घरं एकाच छपराखाली, मधे एक सामाईक भिंत. अशी जुळी घरं तळ्याच्या त्या कडेला रांगेने उभी होती आणि सगळ्यांची मिळून एक समिती होती. समितीची अध्यक्ष आर्डिस. कचऱ्याचा डबा कुठे ठेवायचा, दाराला कुठला रंग द्यायचा, नाताळचे दिवे कधी उतरवायचे, सगळं बाई ठरवणार. आणि कुणाला काही सांगायचं झालं तरी स्वतःच्या तोंडाने कधी सांगणार नाही, समितीची नोटीस येणार.

तशीच नोटीस व्हर्जिलच्या अँटेनाची आली होती. व्हर्जिल हौशी रेडिओवाला, घरबसल्या दूरदूरच्या माणसांशी बोलणारा. फुप्फुसं गेली, नाकात ऑक्सिजनची नळी आली, गाडी चालवणं सुटलं, चर्च सुटलं, तेव्हा त्याच्याजवळ तळघरातला रेडिओ तेवढा उरला. रोज संध्याकाळी खाली जाऊन बसायचा. थंडर बेचा क्लिफर्ड, डुलुथचा ऑर्विल, कुठे कुठे पसरलेले चार-पाच म्हातारे, आणि गप्पा कसल्या, तर माशांच्या, बर्फाच्या आणि एकमेकांच्या गुडघ्यांच्या. हसता हसता व्हर्जिलला ढास लागायची, आणि ढास थांबली की परत हसायचा. छतावरचा खांब नियमात बसत नाही असं पत्र आलं. लवॉन बैठकीला गेली, एवढा हिवाळा तरी राहू द्या म्हणाली. आर्डिस हातातल्या कागदांकडे बघत म्हणाली, समितीचे हात बांधलेले आहेत. आठवड्याभरात दोन माणसं शिडीची गाडी घेऊन आली आणि अँटेना उतरवून गेली.

त्यानंतरही व्हर्जिल संध्याकाळी खाली जायचा. कानाला हेडफोन लावून खरखर ऐकत बसायचा. लवॉनने वर चल म्हटलं की म्हणायचा, थांब, कुणीतरी येईल. तळं गोठायच्या आत तो गेला.

आणि ही बाई हॉटडिश घेऊन दारात. “काही लागलं तर सांग गं,” म्हणाली. लवॉनने ट्रे हातात घेतला आणि त्या क्षणी ठरवलं की हिला सोडायचं नाही. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. एक मात्र हवं होतं. अँटेना मी काढायला लावली, हे आर्डिसने समितीच्या आड न लपता आपल्या तोंडाने म्हणायला हवं होतं. त्या मुलखात माणसं असलं बोलत नाहीत. मरतील पण बोलणार नाहीत.

नाताळात फार्गोहून लेक आली, ब्रिटा. तिने आईसाठी वायफायचा नवा संच आणला. व्हर्जिलचे दोस्त आता रविवारी संध्याकाळी इंटरनेटवर जमतात, त्यांनी लवॉनलाही बोलावलं होतं, व्हर्जिलच्या खुर्चीत येऊन बस म्हणाले होते. पण तळघरात वायफायचा जीव जायचा. लवॉन जिन्याच्या पायरीवर फोन धरून बसायची आणि क्लिफर्डचा चेहरा अर्ध्यात थिजायचा, तोंड उघडं.

संचात तीन पांढऱ्या डब्या होत्या. एक मुख्य, दोन तिच्या हाताखालच्या. तिघी मिळून एकच वायफाय घरभर पसरवतात, आणि आपसात हवेतूनच बोलतात. पण तळघराच्या काँक्रीटपुढे त्यांचंही काही चालत नाही, तिथे त्यांना तार लागते. नवी तार ओढायची म्हणजे भिंती फोडणं आलं, आणि त्याला समितीची परवानगी. ब्रिटाने डोकं चालवलं. टीव्हीची जुनी जाड केबल भिंतीतून तळघरापर्यंत आधीपासून गेलेली होतीच. तिच्या दोन्ही टोकांना एकेक अडॅप्टर लावला की झालं. तिने अडॅप्टर मागवून दिले आणि तिला निघावं लागलं. उरलेलं लवॉनने एकटीने करायचं ठरवलं. व्हर्जिलच्या रेडिओच्या तारा चाळीस वर्षं तिनेच तर धरल्या होत्या.

तिने मुख्य डबी दिवाणखान्यात ठेवली, एक वर झोपायच्या खोलीत आणि एक तळघरात, रेडिओच्या शेजारी. केबलचे आटे फिरवले, अडॅप्टरचे दिवे हिरवे झाले. सोबत बोटाच्या पेराएवढा एक पितळी फिल्टर आला होता. रस्त्यावरची केबल घरात शिरते तिथे हा बसवा, म्हणजे तुमचं इंटरनेट केबलवाटे घराबाहेर जाणार नाही, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. दोन्ही घरांची केबल एकाच करड्या पेटीत यायची आणि तिथून फुटायची. ती पेटी आर्डिसच्या बाजूच्या भिंतीवर, नेमकी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. म्हणजे आर्डिसने साफ केलेल्या वाटेवर पाय ठेवायचा, आणि तिने खिडकीतून बघून बाहेर येऊन विचारायचं, “काही हवंय का गं?” लवॉनने फिल्टर बटणांच्या डब्यात टाकला. नाही बसवला तर काय आभाळ कोसळणार आहे?

मग वायफायला नाव द्यायची वेळ आली. हे नाव शेजारीपाजारी सगळ्यांच्या फोनवर दिसतं. लवॉनने थोडा विचार केला आणि चष्मा सारखा करून एकेक अक्षर टाकलं, ‘व्हर्जिलची अँटेना’. समितीच्या नियमांत दाराचा रंग होता, कुत्र्याच्या पट्ट्याची लांबी होती, वायफायच्या नावाबद्दल चकार शब्द नव्हता. आता आर्डिसने फोन हातात घेतला की ते नाव तिच्या डोळ्यांपुढे उभं राहणार होतं. त्या दिवशी लवॉन पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फोनवर यादी उघडली. घरातली कुठली कुठली यंत्रं वायफायवर आहेत ते तिथे दिसतं. तिचा फोन होता, तिचा लॅपटॉप होता, आणि त्याखाली ‘आर्डिसचा टॅब’. त्याखाली ‘आर्डिसचा टीव्ही’. त्याखाली ‘आर्डिसची दाराची बेल’. लवॉन कॉफी विसरून बघत राहिली. मग तिने माहितीपत्रक काढून पुन्हा वाचलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. फिल्टर नसल्यामुळे तिचं इंटरनेट केबलमधून बाहेर पडून, पेटीत वळून, शेजारच्या भिंतीत शिरलं होतं. आर्डिसच्याही घरी केबलवरच चालणारं यंत्र होतं, त्याने ते आपलंच समजून घेतलं होतं. आर्डिसचं अर्धं घर आता लवॉनच्या हाताखाली आलं होतं.

आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक छोटं बटण होतं, ‘थांबवा’. पोरं अभ्यास सोडून खेळत बसली तर आईबापांसाठी दिलेलं.

चांगल्या बाईने काय केलं असतं? बर्फ तुडवत गेली असती, फिल्टर बसवला असता, झाल्याबद्दल माफी मागितली असती. लवॉनने अख्खा जन्म चांगली बाई म्हणून काढला होता. रविवारी दुपारी फुटबॉलचा सामना रंगात आला, भिंतीपलीकडून आर्डिसच्या टाळ्या ऐकू आल्या, आणि लवॉनने टीव्हीपुढचं बटण दाबलं. टाळ्या बंद. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग टीव्हीच्या पाठीवर थापा. सामना संपल्यावर लवॉनने टीव्ही परत सुरू करून दिला.

त्यानंतर तिने भिंतीला कान लावून आर्डिसचा दिवस पाठ केला. गोधडीचा वर्ग, टॅबवर. शिकवणारी टाका कसा वळवायचा ते दाखवायला लागली की थांबवा. दाराची बेल, कुरियरवाला पायरीवर आला की थांबवा. पाव फुगवायचा व्हिडिओ, आर्डिसचे हात पिठात गेले की थांबवा. फार वेळ नाही. दुरुस्त करायला माणूस बोलावावा इतका नाही, पण जीव नकोसा व्हावा इतका.

शनिवारी संध्याकाळी आर्डिस अॅरिझोनातल्या बहिणीशी बोलायची, एकमेकींचे चेहरे बघत. बहीण आजारी होती, हे लवॉनला चर्चमध्ये कळलं होतं. तिने क्षणभर विचार केला. मग खाली तळघरात गेली, व्हर्जिलच्या खुर्चीत बसली, आणि बोलणं जरा सुरू होऊ दिल्यावर बटण दाबलं. भिंतीतून आर्डिसचा आवाज आला. “हॅलो? हॅलो? आहेस का गं? हॅलो?” व्हर्जिल शेवटी शेवटी असाच बसला होता. लवॉनला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला ती मुद्दाम आर्डिसच्या टेबलाशी जाऊन बसायची आणि विचारायची, इंटरनेट कसं चाललंय गं तुझ्याकडे? आर्डिस म्हणायची, चाललंय, याहून वाईटही असू शकलं असतं. लवॉन म्हणायची, ब्रिटाला विचारू का? आर्डिस नको म्हणायची. तिथली रीतच आहे, कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, एवढं म्हणतेस तर घेते. लवॉन त्या तिसऱ्या वेळेचीच वाट बघत होती. एकदा आर्डिसने मदत मागितली की ती तिला दारात उभी करून विचारणार होती, आधी हे सांग, व्हर्जिलची अँटेना कुणी काढली? पण तिसऱ्यांदाही आर्डिस नकोच म्हणाली. चौथ्यांदाही म्हणाली. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून, खाली बघत. लवॉनला ते चमत्कारिक वाटलं, पण तिने ते मगरुरीच्या खात्यावर मांडलं.

फेब्रुवारीत तिला राहवेना. नुसतं भिंतीतून ऐकून भागत नव्हतं, बाईचा चेहरा बघायचा होता. तिने खजुराच्या वड्या केल्या, स्वतःच्या डब्यात भरल्या आणि रविवारी दुपारी शेजारच्या दाराशी गेली. निघताना फोनवर टॅबचं बटण दाबायला विसरली नाही.

आर्डिसने दार उघडलं, वड्या बघून गोरीमोरी झाली, आत घेतलं. टेबलावर गोधडीचे तुकडे पसरलेले, त्यांच्यामध्ये उभा केलेला टॅब, त्यावर शिकवणारी बाई थिजलेली, हातात सुई. आर्डिसने तो हळूच पालथा घातला आणि कॉफी ओतायला घेतली. ती उद्याच्या थंडीबद्दल बोलत होती. लवॉन खिडकीकडे बघत होती. खिडकीच्या पट्टीवर एका बशीत अंगठी, दोन सेफ्टी पिना, आणि बोटाच्या पेराएवढा एक पितळी तुकडा होता.

लवॉनने तो उचलला. तिच्या बटणांच्या डब्यात होता अगदी तसाच.

“हे कुठून आलं?”

आर्डिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. केबल कंपनीचा माणूस देऊन गेला, म्हणाली.

“कधी?”

“जानेवारीत. टीव्ही पहिल्यांदा बंद पडला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानं सगळं तपासलं. म्हणाला, तुमचं इंटरनेट शेजारून येतंय, आणि तिथलंच कुणीतरी बंद करतंय. पेटीत हा फिरवून बसवतो म्हणाला, दोन मिनिटांचं काम.”

“मग?”

“मी म्हटलं, राहू दे. माझं मी बघेन.”

लवॉनला आधी काही कळेना. ते सगळे सामने, गोधड्या, पिठात माखलेले हात, ते शनिवारचं हॅलो हॅलो, आणि इतके दिवस हा तुकडा इथे बशीत, खिडकीखाली पेटी, हात लांब केला की पोहोचेल इतकी जवळ.

“तुला माहीत होतं,” लवॉन म्हणाली. “बहिणीशी बोलताना बंद केलं, तेव्हाही?”

“हो.”

“आणि बसून राहिलीस?”

आर्डिस टेबलक्लॉथची कड दुमडत होती. “मला वाटलं, करू दे तिला. तिचं मन शांत होईल. आणि मग होईल सगळं पहिल्यासारखं. काही बोलायला नको, काही नको.”

लवॉनच्या कानशिलात रक्त चढलं. एवढ्या महिन्यांत तिला इतका राग आला नव्हता, शिडीची गाडी आली त्या दिवशीही नाही. म्हणजे सूडसुद्धा तिचा राहिला नव्हता. या बाईने तोही आपल्या सोयीने वापरून घेतला होता. रोज थोडी शिक्षा गुपचूप सोसायची, की एक दिवस फिट्टंफाट, आणि जिभेला त्रास नाही. समितीच्या आड लपली होती, आता लवॉनच्याच बोटाच्या आड लपत होती.

“पाना आहे का घरात?” लवॉनने विचारलं.

आर्डिसला वाटलं ऐकण्यात चूक झाली. लवॉनने पुन्हा विचारल्यावर तिने खणातून काढून दिला. लवॉन बाहेर गेली, आर्डिसने साफ केलेल्या वाटेवर पाय रोवून उभी राहिली, करडी पेटी उघडली. थंडीने बोटं चिकटत होती. तिने आपल्या घराची केबल सोडवली, मधे तो पितळी तुकडा बसवला आणि पान्याने आवळला. खिडकीतून आर्डिस बघत होती.

परत येऊन लवॉनने पाना टेबलावर ठेवला. आत काही बसली नाही. “तुझं इंटरनेट आता तुझं आहे. कुणी बंद करणार नाही. बहिणीशी बोल, सामने बघ. तुझी शिक्षा संपली, आर्डिस. आता तुला ती मिळायची नाही. आता तुझ्याकडे फक्त तोंड आहे.”

वड्यांचा डबा उचलून ती घरी आली. फोन उघडला. यादीतून आर्डिसचा टॅब गेला होता, टीव्ही गेला होता, बेल गेली होती. वड्या तशाच ठेवून ती ओट्याशी उभी राहिली. अंधार पडायला लागला. खाली तळघरात थोड्या वेळाने मंडळी जमणार होती.

आणि दार वाजलं.

आर्डिस उभी होती. कोट नाही, अंगात घरातलं स्वेटर. तिथे कुणी दारात आलं की आधी आत ये म्हणतात, मग बाकीचं. विकायला आलेल्यालाही म्हणतात. लवॉनने आत ये म्हटलं नाही, दारात तशीच उभी राहिली.

“उद्या फार थंडी आहे म्हणतात,” आर्डिस म्हणाली.

लवॉन दारातून हलली नाही.

“रस्ते बंद होतील बहुतेक.” आर्डिसचा श्वास पांढरा होऊन दोघींच्या मधे तरंगत होता. तिने ओठ आवळले. मग एकदम, ओझं टाकावं तसं, बोलून गेली. “तक्रार कुणाचीच नव्हती. समितीत कुणी विषय काढला नव्हता. नियम शोधून मी काढला, पत्र मी लिहिलं, गाडी मी बोलावली.”

“का?”

“तो हसायचा.” आर्डिस उंबऱ्याकडे बघत होती. “रोज संध्याकाळी भिंतीतून ऐकू यायचं. एवढा आजारी माणूस, आणि मंडळी जमवून हसतोय. मी इकडे एकटी जेवत असायची. माझा नवरा, हॅरोल्ड, गेल्यापासून माझ्या घरात कुणी हसलेलं नाही, लवॉन. मला ते सहन होईना. म्हटलं, बंद व्हावं.”

हवं होतं ते लवॉनला मिळालं. शब्दन् शब्द मिळाला. जे ऐकण्यासाठी इतके महिने दात-ओठ खाल्ले, ते ऐकल्यावर छाती हलकी होईल असं तिला वाटलं होतं. ती हलकी झाली नाही. कारण आता तिला ठाऊक झालं की नियमासाठी नाही, छपरासाठी नाही, त्याच्या हसण्यासाठी केलं गेलं होतं. व्हर्जिलने खरखर ऐकत काढलेली प्रत्येक संध्याकाळ हिला हवीच होती.

“थांब,” ती म्हणाली. आत जाऊन तिने फ्रीजच्या डोक्यावरचा काचेचा ट्रे खाली काढला.

तो बघताच आर्डिसचा चेहरा पालटला. डोळे भरून आले. भांडं परत येतंय म्हणजे काय, ते त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. ओट्यावर खजुराच्या वड्यांचा डबा होता, तो दारातून दिसतही होता. आर्डिसने दोन्ही हात पुढे केले.

लवॉनने ट्रे त्या हातांत ठेवला. आर्डिसचे हात, वजन घ्यायला तयार असलेले, झटक्याने वर गेले. तिने खाली बघितलं. घासलेली, लख्ख, रिकामी काच, आणि काचेतून आरपार दिसणारं, चिकटपट्टीवर उलटं उमटलेलं तिचंच नाव.

“काही लागलं तर सांग गं,” लवॉन म्हणाली आणि दार लावलं.

ती खाली गेली. व्हर्जिलच्या खुर्चीत बसली, लॅपटॉप उघडला. तळघरातल्या डबीचा दिवा स्थिर होता. क्लिफर्ड आला, ऑर्विल आला, बाकीचे आले, कुणाचाही चेहरा थिजला नाही. ऑर्विल बर्फात मासे धरायला गेला होता आणि खुर्चीसकट घसरून थेट शेजाऱ्याच्या तंबूत जाऊन पडला होता, ते तो सांगायला लागला, आणि सगळे म्हातारे खोकत खोकत हसायला लागले. लवॉनलाही हसू आलं. तिने व्हर्जिलचे जुने मोठे स्पीकर लॅपटॉपला जोडले, सामाईक भिंतीकडे तोंड करून ठेवले, आणि आवाज होईल तेवढा मोठा केला.